‘अस्तु’ म्हणण्यापूर्वी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आम्ही आजवर तीन वेळा पाहिला आणि तिन्ही वेळा आमचे मत बदलले. समीक्षकाने अशी कबुली देऊ नये असा संकेत आहे. परंतु या चित्रपटाविषयी प्रामाणिकपणे लिहायचे, तर मत का बदलले हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही; कारण दर खेपेस पडद्यावरचे चित्र तेच होते, बदलले होते ते आमचे घर.

पहिल्या खेपेस, म्हणजे २०१६ च्या पावसाळ्यात हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा, आमचे वडील सोबत होते. श्रीरामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून १९६६ साली ते पिंपरीत आले. पेनिसिलीनचा सरकारी कारखाना इथे दहा-अकरा वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. बाकी माळरानावर एकेक कारखान्याचा सांगाडा चढत होता. ज्याच्या हाताला कसब होते त्याला काम मिळत होते. वडिलांच्या हाताला ते होते. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली. वर्षातून एकदा हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचे आणि उरलेले वर्ष पाळीच्या भोंग्याप्रमाणे काढायचे, असा त्यांचा नेम. चित्रपट संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी चप्पल पायांत सरकवली आणि म्हणाले, “एवढी बुकं वाचलेल्या माणसाचं हे असं, मग आपलं काय रं पोरा?” आम्ही हसलो. त्यानंतर घरी येऊन आम्ही वहीत जे टिपण केले, त्यात अभिनय, छायाचित्रण, संवाद यांविषयी बरेच काही आहे. वडिलांचे ते वाक्य मात्र नाही. ते पुढे वर्षभराने आठवले.

कथानक थोडक्यात असे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे थोर पंडित. निवृत्तीनंतर त्यांना अल्झायमरने गाठले आहे. एके दिवशी मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघते, वाटेत कामासाठी खाली उतरते, आणि तेवढ्यात रस्त्याने जाणारा हत्ती पाहून शास्त्री गाडीबाहेर पडतात व त्याच्यामागे चालू लागतात. मुलीचा शोध एका बाजूने आणि हत्तीवाल्यांच्या पालावर पोहोचलेल्या शास्त्रींचा दिवस दुसऱ्या बाजूने, असे दोन प्रवाह चालू राहतात. मधूनमधून मागचे आयुष्य येत राहते. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते आणि शास्त्रींना तिच्यात आई दिसू लागते. शेवट आम्ही इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो स्वतःच पाहावा.

शास्त्रींची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची. ते व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत हे सर्वश्रुत आहे, आणि या चित्रपटाचे खेळ लावून नंतर प्रेक्षकांशी बोलण्याचा उद्योग त्यांनी पुष्कळ ठिकाणी केला आहे. इरावती हर्षे यांनी इरा उभी केली आहे. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना २०१३ या वर्षाचे राष्ट्रीय पुरस्कार लाभले. सुमित्राबाई चित्रपटाकडे वळल्या त्या समाजकार्याच्या अध्यापनातून. १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून २०२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ‘रोगी’ या शब्दाआड लपलेला माणूस आणि त्या माणसाच्या शेजारी उभे असलेले घर, यांवरची त्यांची नजर ढळली नाही. २००४ च्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण आहे. त्या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता आणि या आजाराच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी पुण्यात चाललेल्या कामाचे बळ होते. सांभाळणाऱ्यांच्या अनुभवातून कलाकृती उभी राहू शकते, हे मराठीत त्या वेळीच दिसले होते.

दुसऱ्यांदा ‘अस्तु’ पाहिला तो २०१९ साली, घरी, रात्री, आवाज बारीक करून. पलीकडच्या खोलीत वडील झोपले होते. झोपले होते म्हणजे त्या घटकेपुरते. या आजारात प्रथम जाते ती ताजी आठवण. मेंदूच्या ज्या भागात नवी स्मृती घडते, तिथेच हा रोग आधी घर करतो. सकाळचा चहा घेतला की नाही हे आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीची पहिली पाळी आठवते. आणि हातांना तर ती शेवटपर्यंत आठवते. वडील पहाटे तीनला उठून डबा मागत. मागायला आई उरली नव्हती, म्हणून स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे मागत. नट आणि बोल्ट हातात दिला की बोटे आपोआप फिरत, आटे जुळत, आणि चेहऱ्यावर जे समाधान येई ते आमचे नाव विचारल्यावर कधीच येत नसे.

त्या रात्री आम्ही चित्रपट पाहिलाच नाही म्हणा ना. गाडीचे दार पाहिले. इरा उतरते आणि वडील आत बसून राहतात, तेवढाच प्रसंग मागे नेऊन पुनःपुन्हा पाहिला. पहिल्या खेपेस ती कथानकाची सोय वाटली होती. म्हातारा हरवायला हवा, तर तो कुठेतरी एकटा सोडायला हवा, एवढेच. आता कळले की त्या दोन-चार मिनिटांत या आजाराचे सगळे घरगुती स्वरूप आले आहे. सांभाळणाऱ्याला दिवसभरात शंभर वेळा पाठ फिरवावी लागते. नव्याण्णव वेळा काही होत नाही.

आमची शंभरावी वेळ २०१८ च्या नोव्हेंबरात आली. दूध घ्यायला आम्ही खाली उतरलो, दार नुसते ओढून घेतले. परत आलो तो अंथरूण मोकळे. चिंचवड स्टेशन, निगडीचा बसथांबा, यात्रेच्या गाड्या सुटतात ती जागा, चर्च, सगळे पालथे घातले. ते सापडले जुन्या कारखान्याच्या फाटकाशी. पायजम्यावर शर्ट, हातात रिकामा डबा. तिथला रखवालदार उदगीरकडचा, पंचविशीतला, कंत्राटावरचा पोरगा. त्याने त्यांना हुसकले नाही, पोलिसांना बोलावले नाही, ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात’ असेही सांगितले नाही. आपली खुर्ची दिली आणि म्हणाला, “काका, तुमची पाळी लागायला अजून वेळ आहे. बसा निवांत.” पुढे पहिल्या पाळीला आलेल्या एका जुन्या कामगाराने त्यांना ओळखले आणि निरोप आमच्यापर्यंत पोहोचला. आम्ही धापा टाकत गेलो तेव्हा वडील त्या मुलाला मायक्रोमीटर कसा धरावा हे समजावून सांगत होते. आम्हांला पाहून त्यांनी विचारले, “हे कोण?”

ही हकीगत इथे सांगितली ती सहानुभूतीसाठी नव्हे. ‘अस्तु’तली चन्नम्मा अनेक जाणत्या प्रेक्षकांना भाबडी वाटली आहे, गरीब, निरक्षर स्त्री म्हणजे जन्मजात माता, हा शहरी मनाचा जुनाच लाडका समज, असा त्यावरचा आक्षेप. पहिल्या खेपेस आमच्याही वहीत तसे एक वाक्य होते. तो रखवालदार भेटल्यावर आम्ही ते खोडले. चन्नम्मा शास्त्रींना सांभाळू शकते याचे कारण तिची गरिबी नव्हे, मातृत्वाची देणगीही नव्हे. शास्त्री पूर्वी कोण होते हे तिला ठाऊक नाही, हे खरे कारण. तिच्यापुढे बसलेल्या माणसाची तुलना ती कोणाशीही करीत नाही. इराला मात्र दर क्षणी दोन वडील दिसतात, एक समोरचा आणि एक गेलेला, आणि ती गेलेल्याच्या नावाने समोरच्याला हाका मारीत राहते. त्या हाकेला ओ येत नाही, याचे दुःख अपार आहे; पण ते इराचे दुःख आहे, शास्त्रींचे नाही. दिग्दर्शकांनी हा भेद कुठेही शब्दांत मांडलेला नाही. एकीकडे धावपळ, फोन, घुसमट, आणि दुसरीकडे हत्तीच्या सावलीत बसलेला आनंदी म्हातारा, एवढे समोरासमोर ठेवले आहे. आगाशे यांच्या अभिनयाची थोरवीही इथेच आहे: ते रोग्याचे दुःख करीत नाहीत, बालकाचा आनंद करतात, आणि रडू येते ते पाहणाऱ्याला.

तरीही चन्नम्माविषयीची आमची शंका पुरती फिटलेली नाही, ती दुसरीकडे सरकली आहे. चित्रपटात तिच्या वाट्याला आलेला सांभाळ जेमतेम दिवसभराचा आहे. दुसऱ्या दिवशी तिने काय केले असते? पंधराव्या रात्री, तिसऱ्या वर्षी? आमच्या या पट्ट्यात चन्नम्मा बारा तासांच्या बोलीवर येते. लातूर-धाराशिवकडून आलेल्या, स्वतःच्या लेकरांना गावी आजीपाशी ठेवलेल्या मावश्या इथल्या सोसायट्यांतून आमच्या आईबापांना भरवतात, पुसतात, कूस बदलून देतात. त्यांच्या मायेवर आमचा चाकणचा नोकरीचा दिवस उभा असतो, आणि महिनाअखेरीस त्या मायेचा हिशेब होतो. चित्रपटाने या हिशेबाला हात घातलेला नाही. पैशाचा प्रश्न आला असता तर त्या पालावरची कविता विसकटली असती, हे आम्हांला मान्य आहे. पण ती विसकटायला हवी होती असेही आमचे मत आहे.

आता वडिलांच्या त्या वाक्याकडे वळतो. ‘एवढी बुकं वाचलेल्या माणसाचं हे असं!’ स्मृतिभ्रंशावरचे गाजलेले चित्रपट एकापुढे एक मांडून पाहावेत. २००१ चा ‘आयरिस’ एका थोर इंग्रजी कादंबरीकर्तीचा. २००५ चा जानू बरुआ यांचा ‘मैंने गांधी को नहीं मारा’ निवृत्त हिंदी प्राध्यापकाचा. २०१४ चा ‘स्टिल ॲलिस’ भाषाशास्त्राच्या प्राध्यापिकेचा. आणि ‘अस्तु’ संस्कृत पंडिताचा. चित्रपट लिहिणाऱ्यांना विद्वानच का सापडतात? उत्तर उघड आहे. भांडे जितके भरलेले, तितका ते सांडल्याचा आवाज मोठा. ज्याने ग्रंथ मुखोद्गत केले त्याला स्वतःचे नाव न आठवणे, यात शोकांतिकेची तयार उंची मिळते. परंतु या सोयीमागे एक गृहीत लपलेले आहे, आणि ते आम्हांला खुपते: विसरण्याजोगे मौल्यवान असे काही ज्याच्यापाशी होते, त्याचेच विसरणे शोकाला पात्र! ब्लेसी यांचा २००५ चा मल्याळम ‘तन्मात्रा’ या बाबतीत वेगळा आहे. त्यातला नायक सचिवालयातला साधा कर्मचारी आहे, आणि त्याचे कार्यालयातले एकेक चुकत जाणे हाच त्या चित्रपटाचा कणा आहे.

टूलरूममधल्या फिटरची स्मृती काय तोलाची असते? केसाहून बारीक फरक बोटाच्या पेराने ओळखण्याची ती विद्या असते. कोणत्या लेथचा आवाज बिघडला आहे, हे भिंतीपलीकडून सांगणारा तो कान असतो. १९६० ते १९८० या वीस वर्षांत नगर, सोलापूर, मराठवाडा, कोकण इथून आलेल्या हजारो हातांनी पिंपरी-चिंचवड उभे केले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली ती त्यांच्या घामावर. ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यांनी ज्या यंत्रांवर काम केले ती भंगारात गेली, काही कारखाने मिटले, काही चाकणला गेले, आणि आता त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोक्यातूनही तो कारखाना पुसला जातो आहे. साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मांडला गेला. या ८८ लाखांत संस्कृत पंडित किती आणि फिटर, शेतमजूर, चुलीपुढे जन्म काढलेल्या बाया किती, याचा विचार आमच्या चित्रपटांनी अजून करायचा आहे. ‘अस्तु’ला हा दोष एकट्याने द्यावा असे नव्हे. उलट श्रेय असे की ज्या क्षणी शास्त्री हत्तीमागे चालू लागतात त्या क्षणी चित्रपट त्यांची विद्वत्ता मागे ठेवतो आणि एका साध्या भुकेल्या, थकलेल्या माणसाचा होतो. तिथून पुढे तो आमच्या वडिलांचाही होतो.

तिसऱ्या खेपेची हकीगत सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे. वडील कारखान्याच्या फाटकाशी सापडले त्याच वर्षी नाताळानंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, मिस्सेत सिराखच्या ग्रंथातला तिसरा अध्याय वाचला गेला. दर वर्षी ऐकलेले वाचन. बापाला म्हातारपणी आधार द्यावा एवढेच आजवर आमच्या कानांत राहिले होते. त्यापुढेच, त्याची बुद्धी चळली तरी त्याला सांभाळून घ्यावे, अशा अर्थाचे वचन आहे. ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकर्त्याने कोणाच्या तरी घरात हे पाहिले असले पाहिजे. मिस्सेनंतर पडवीत एक बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी न विचारताच सांगितले, “माझी आई रोज मला विचारते, माझी मुलगी कधी येणार?” आम्ही सांगितले, आमचे वडील आम्हांला सुपरवायझर समजतात. आणि मग आम्ही दोघेही हसलो. पडवीत लोक वळून पाहू लागले इतके हसलो. वर्षभरात आम्ही तसे हसलो नव्हतो.

त्यातून महिन्यातल्या एका रविवारी चर्चच्या मागल्या खोलीत बसायचे ठरले. आरंभी तिघे होतो, मग अकरा झालो. अकरांतले पाच कॅथलिक. बाकीच्यांत आकुर्डीची एक सून, भोसरीचे दोन भाऊ, आणि आपल्या अम्मीला एकट्याने सांभाळणारा काळेवाडीचा एक तरुण. दारूच्या विळख्यातून सुटू पाहणारे आणि त्यांच्या घरचे लोक चर्चच्या खोल्यांतून अशा बैठका फार पूर्वीपासून घेत आले आहेत. कंपवाताचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळा’त एकत्र येतात. आमचे काही नवे नव्हते. कोणी व्याख्यान देत नसे. शर्टाच्या आत फोन क्रमांक शिवून ठेवा. दाराची कडी डोळ्यांच्या पातळीवर नको, तळाशी लावा. ‘तुम्ही चुकता’ असे म्हणू नका, ‘बरं’ म्हणा. असले शहाणपण एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाई. ‘बरं’ म्हणा हे आम्ही त्या रखवालदाराकडून शिकलो होतो, ते तिथे सांगितले. एकदा भोसरीच्या धाकट्या भावाने मान खाली घालून सांगितले की त्याने रात्री आईवर हात उचलला. खोलीत कोणी धर्म सांगितला नाही, कोणी तोंडही फिरवले नाही. आकुर्डीच्या ताई म्हणाल्या, “उद्या दुपारी मी येते. तू चार तास झोप.” आणि त्या गेल्या.

अशा आधाराने नेमके काय साधते, याची परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झालेली आहे. ‘संगत’ या संस्थेतर्फे डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ८१ रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने जात राहिल्या. त्यांनी आजार समजावून सांगितला, वागणुकीतल्या अडचणी कशा हाताळाव्यात ते दाखवले, गरज पडली तेव्हा डॉक्टरांशी गाठ घालून दिली, आणि अशा कुटुंबांना एकमेकांशी जोडून देण्याचा प्रयत्न केला. रुग्णाच्या क्षमतेत म्हणावा असा फरक पडला नाही. सांभाळणाऱ्याच्या मनःस्वास्थ्यात मात्र पडला. त्याला जाणवणारे ओझे कमी झाले. रोग होता तिथेच राहिला आणि घर बदलले. वैद्यकशास्त्राच्या भाषेत हे माफक यश असेल. आम्ही त्या मागल्या खोलीत बसलेलो असल्याने आम्हांला ते माफक वाटत नाही.

वडील २०२२ च्या जानेवारीत गेले. आम्ही बैठकीला जाणे थांबवले नाही. गेल्या वर्षी त्याच खोलीत, भिंतीवर चादर लावून, ‘अस्तु’ पाहिला. ती आमची तिसरी वेळ. अकरा-बारा माणसे, तीन म्हातारी मंडळी सोबत आणलेली, कारण त्यांना कुठे ठेवून येणार! हत्ती आला तेव्हा काळेवाडीच्या तरुणाची अम्मी टाळ्या वाजवू लागली. पण त्याआधी, इरा गाडीतून उतरते त्या ठिकाणी, खोलीत एक आवाज उमटला. हुंदका म्हणता येणार नाही; सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्याचा तो आवाज होता. चित्रपटगृहात तो आम्ही ऐकला नव्हता. तिथे प्रेक्षकांना पुढे काय होणार ते ठाऊक नव्हते. इथे प्रत्येकाला ठाऊक होते, कारण प्रत्येकाची एक गाडी होती, एक दार होते.

त्या आवाजाने आम्हांला या चित्रपटातली खरी उणीव दाखवली. इराभोवती माणसे पुष्कळ आहेत. नवरा आहे, बहीण आहे, परिचित आहेत. कोणी मदत करते, कोणी टोचते. पण दुसरी इरा कुठेही नाही. ‘माझेही वडील असेच उतरून गेले होते’ असे तिला म्हणणारे एकही माणूस साऱ्या चित्रपटात नाही. तिला क्षमा हवी आहे, आणि ती तिला वडिलांकडून मिळण्याची सोय उरलेली नाही, कारण ज्याने क्षमा करायची तोच हरवला आहे. मग ही क्षमा कोणी द्यायची? चित्रपट तिला एकटीलाच स्वीकारापर्यंत चालवत नेतो. सुमित्राबाईंना माणसाच्या अंतर्मनावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाचे सौंदर्य प्रत्येक प्रसंगात आहे. आमचा अनुभव निराळा आहे. एकट्याने आम्ही काहीच स्वीकारले नव्हते. आम्ही फक्त थकलो होतो, आणि थकव्यालाच स्वीकार समजत होतो.

शीर्षकाचा विचारही इथे करावासा वाटतो. ‘अस्तु’ म्हणजे ‘असो’, ‘तसे होवो’. आपण दिवसातून कितीदा तरी ‘आमेन’ म्हणतो, त्याचाही अर्थ धर्मशिक्षणात आपल्याला ‘तसे होवो’ असाच शिकवला गेला. परंतु मूळ हिब्रू धातूत ‘टिकणे, भक्कम असणे, भरवसा ठेवता येणे’ असा भाव आहे. ‘अस्तु’मध्ये हात सोडण्याची क्रिया आहे, ‘आमेन’मध्ये काहीतरी धरण्याची. आणखी एक फरक उपासनेतला. मिस्सेत प्रार्थना म्हणतो एक जण, आणि ‘आमेन’ म्हणते सभा. ज्याने प्रार्थना केली त्याच्या शब्दाखाली बाकीचे आपला शब्द ठेवतात, जणू खांदा देतात. इराच्या ‘अस्तु’खाली असा दुसऱ्या कोणाचा शब्द नाही. हा दोष म्हणावा की चित्रपटाची मर्यादा, यावर आमच्या खोलीत मतभेद झाला. भोसरीच्या थोरल्या भावाचे म्हणणे, “सिनेमात सगळंच दाखवलं तर आपण कशाला जमायचं?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चित्रपट संपला तेव्हा दिवे कोणी लगेच लावले नाहीत. मग चहा आला. आकुर्डीच्या ताईंनी विचारले, गाडीची मागची दारे आतून उघडणार नाहीत अशी ती खिट्टी नेमकी कुठे असते? लहान मुलांसाठी असते तीच का? काळेवाडीच्या तरुणाने त्यांना खाली नेऊन, स्वतःच्या गाडीचे दार उघडून, दाराच्या कडेची ती बारीक खिट्टी दाखवली. सगळे भोवती जमले होते. म्हातारी अम्मी मागच्या आसनावर बसून हत्ती कुठे गेला ते विचारत होती, आणि पडवीतल्या त्या बाई तिला सांगत होत्या की तो पाणी प्यायला गेला आहे, येईलच.